पळण्यापुरती जागा

सोमवारी सकाळी आमची मागची खोली अकरा फूट लांब होती आणि दुपारच्या चहाच्या वेळेला ती चौदा फूट चार इंच झाली होती. मी दोनदा मोजली. पहिल्यांदा टेपचं टोक नीट धरलं गेलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा भिंतीत खिळा ठोकला, त्याला टेप अडकवली आणि मोजली. चौदा फूट चार इंच. भिंत कुठे उकललेली नव्हती, छताला तडा नव्हता. बाहेर जाऊन पाहिलं तर घर होतं तेवढंच होतं. मागच्या कंपाउंडपर्यंतचं अंतर बोटभरही कमी झालेलं नव्हतं.

मी छत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमिनीच्या मोजणीचं काम केलं. भावाभावांच्या बांधावर उभं राहून हद्दी दाखवल्या. लोक कुऱ्हाडी घेऊन अंगावर आले, पण माझी मोजणी चुकली असं कुणाला कधी सिद्ध करता आलं नाही. त्यामुळे खोली वाढली हे मी लगेच मान्य केलं. मला टोचलं ते इतकंच, की खोली माझ्यासाठी वाढली नव्हती.

कराडच्या विद्यानगरमधलं आमचं घर मी भर नोकरीत बांधलं. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मागे सामानाची ही खोली. मी निवृत्त झालो आणि दुसऱ्या वर्षी बाथरूमची भिंत ओल धरायला लागली. आमची मुलगी प्राजक्ता पुण्यात असते. तिनेच केंजळेंचा नंबर दिला.

"तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही, बाबा," ती फोनवर म्हणाली. "गवंडी, सुतार, नळवाला, रंगारी, नगरपालिकेचे कागद, सगळं तेच बघतात. तुम्ही फक्त काय हवं ते सांगायचं."

केंजळे चाळिशीचे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानामागे पेन्सिल, बोलणं हळू. हॉलमध्ये बसून त्यांनी वही उघडली. मी तीन गोष्टी सांगितल्या. बाथरूमची ओल काढायची, हॉलला नवी फरशी घालायची आणि स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा. त्याला चार मिनिटं लागली. मग केंजळेंनी मान वळवली. माझी बायको शालन चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आणि ताई, तुम्हाला काय हवंय?"

"मला काय," शालन म्हणाली. "हे सांगतील तसं."

"त्यांचं झालं लिहून. मी तुमचं विचारतोय."

शालनने ट्रे खाली ठेवला. पदराला हात पुसले आणि ती माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसली, कारण तेव्हा मी सोफ्यावर होतो. केंजळेंनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. मी एकदा घड्याळ पाहिलं. ते पाहत नव्हते.

"मला पळायला जागा पाहिजे," शालन म्हणाली.

मी हसलो. केंजळे हसले नाहीत.

"किती?"

"शाळेत असताना चारशे मीटर पळायचे मी. फलटणला. पण तेवढी कुठे मिळणार. जमेल तेवढी द्या."

"सरळ की वळणाची?"

"सरळ. शेवटी वळायला थोडी."

"पायाखाली काय?"

"माती," शालन म्हणाली. "काळी. जरा मऊ."

त्यानंतर ती दोघं दीड तास बोलत होती. उजेड कुठल्या हाताला हवा, वारा समोरून हवा की पाठीवर, दम लागला की टेकायला भिंत हवी का. मी शालनला तेहतीस वर्षं ओळखतो. तिची थायरॉइडची गोळी किती पॉवरची आहे ते मला माहीत आहे. ती वांगं खात नाही आणि खोटं बोलताना कानाची पाळी ओढते, हेही माहीत आहे. ती चारशे मीटर पळायची हे मला माहीत नव्हतं. आणि हे ती ज्या माणसाला सांगत होती त्याचा पहिला चहाही अजून पिऊन झाला नव्हता.

केंजळे गेल्यावर मी तिला विचारलं, "हे मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते की. लग्न ठरताना. तुमच्या आईसमोरच."

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, बरं."

सोमवारी काम सुरू झालं. गवंडी म्हणून केंजळेच आले, फक्त शर्ट जुना होता. दुपारी सुतार म्हणून तेच आले. नळाचं काम निघालं तेव्हा पिशवीत पाने-पकडी घेऊन पुन्हा तेच. मी ते चालवून घेतलं. सगळी कामं एकाच माणसाकडे असली म्हणजे जबाबदारी ढकलता येत नाही, असं मीही ऑफिसात म्हणायचो. पण त्यामुळे घरात जिकडे वळावं तिकडे केंजळे होते.

मंगळवारी खोली बावीस फूट झाली. बुधवारी मी हॉलमध्ये पेपर वाचायला बसलो, तर माझे गुडघे समोरच्या टीव्हीला लागले. सोफा भिंतीत दबून थोडा वाकला होता. मी टेप काढली. आमचा हॉल सोळा फूट होता, तो पाचवर आला होता.

केंजळे ओट्यापाशी सिमेंट कालवत होते. मी त्यांना बोलावून आकडा दाखवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लांबी आणायची कुठून साहेब? बाहेरचं आम्ही काही वापरत नाही. घरातलंच घेतो. तुमच्या हॉलमध्ये बरीच पडून होती."

"पडून नव्हती. मी तिथे बसतो."

"बसायला किती लागते?"

मी त्यावर विचार केला. दोन फूट बाय दोन फूट. मला खोटं सांगता आलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी शालनचं पाऊल केवढं पडतं ते मोजलं. त्यावरून खोलीचं गणित करायचं होतं. पुढच्या अंगणात शालनने साडी खोचली आणि ती पाच-सहा पावलं पळाली. प्रत्येक पावलाला केंजळे खाली वाकले आणि तिच्या टाचेमागे खडूने रेघ ओढली. "पुन्हा एकदा, ताई," ते म्हणाले. ती पुन्हा पळाली. "आता जरा मोकळं." ती मोकळं पळाली. मी खिडकीत उभा होतो. माझ्या हातातली टेप आपोआप आत गेली आणि तिचा आवाज झाला, तेव्हा दोघांनी वर पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. गाडी सुटायची असताना कुणी पत्ता विचारायला आलं, की माणसं तशी बघतात.

मोजणी हे माझं काम होतं. त्यांनी मला सांगायला हवं होतं. रेघा मी ओढल्या असत्या.

ते गेल्यावर मी अंगणात जाऊन त्या रेघा मोजल्या. चौथ्या आणि पाचव्या रेघेत चार फूट एक इंचाचं अंतर होतं. आमच्या शालनचं. मंडईतून येताना ती नेहमी माझ्या चार पावलं मागे चालते. मी पाण्याची बादली आणून रेघा धुऊन काढल्या.

पुढच्या आठवड्यात ती पळायला लागली. सकाळी साडेदहाला भाजी-भाकरी झाली, की प्राजक्ताचा कॉलेजमधला पंजाबी ड्रेस घालायची, केस वर बांधायची आणि मागच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायची. मी झोपायच्या खोलीत पलंगावर बसून ऐकायचो. पावलं लांब जायची, थांबायची, परत यायची. पहिल्या दिवशी जाऊन यायला तिला एका श्वासाएवढा वेळ लागला. शुक्रवारी ती जाऊन येईपर्यंत माझा पेपर वाचून झाला. त्यानंतरच्या सोमवारी मी चहा केला, दोन कपांत ओतला, तिच्या कपावर बशी झाकली आणि वाट पाहिली. ती आली तेव्हा चहावर धरलेली साय सुरकुतली होती.

"गार झाला," मी म्हणालो.

"असू दे की," ती म्हणाली आणि उभ्याने एका घोटात प्यायली. तिच्या मानेवर घाम होता. गाल लाल होते. लग्नाच्या फोटोत ती अशी दिसत नाही. आमच्याकडे आल्यापासून कुठल्याच फोटोत ती अशी दिसत नाही, हे मी त्या दुपारी सगळे अल्बम काढून पडताळून पाहिलं. अल्बम उघडायला जागा नव्हती. पलंगावर उभं राहून बघावे लागले.

मग एका सकाळी मला चार पावलं ऐकू आली.

जाताना दोनच होती. परत येताना चार. दोन शालनची, ती मी आता ओळखायला लागलो होतो, डावं जरा जड पडतं. दुसरी दोन हलकी आणि थोडी पुढे. मी उठलो आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो, कारण माझी खात्री होती की केंजळे तिथे नसतील. ते तिथेच होते. ओट्याखाली आडवे होऊन नळाला पाना लावत होते. आम्ही दोघांनीही भिंतीपलीकडून येणारी पावलं ऐकली. ती दारापर्यंत आली, वळली आणि पुन्हा लांब गेली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"ताई आहेत."

"दुसरं कोण आहे?"

"सोबत," केंजळे ओट्याखालून म्हणाले. "कामातच धरलेली असते. एवढ्या लांबीला एकटं माणूस कंटाळतं."

"मला विचारलं नाही."

"ताईंना विचारलं होतं."

शालन बाहेर आल्यावर मी तिच्या मागून आत डोकावलो. दाराजवळच्या मातीवर पायांचे ठसे होते. दोन माणसांचे, अनवाणी, एकमेकांना खेटून. दुसरे ठसे लहान होते. बाईचे. मी पुरुषाच्या तयारीने आलो होतो. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य आता चालणार नव्हतं.

"कोण होती?"

"मंदा," शालन म्हणाली. ती पायाची माती झाडत होती. "मंदा जगदाळे. आम्ही दोघी पळायचो. ती पहिली यायची, मी दुसरी."

"तिला कुणी बोलावलं?"

"ती तिथेच होती," शालन म्हणाली. कानाची पाळी तिने ओढली नाही.

मला वाटलं होतं, बाई आहे म्हटल्यावर बरं वाटेल. तसं झालं नाही. परपुरुष असता तर काय करायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मंदा जगदाळेचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतर रोज त्या दोघींच्या पावलांबरोबर हसण्याचा आवाजही यायला लागला. मंदाचं हसणं मला कळायचं, कारण ते परकं होतं. दुसरं हसणं कुणाचं आहे हे कळायला दोन दिवस लागले. ते शालनचं होतं.

गुरुवारी मी आत जायचं ठरवलं. शंभर फुटी टेप घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि ती गेल्यावर पाच मिनिटांनी दार उघडलं.

खोली सरळ होती. माती खरोखरच मऊ होती. पहिले दोनशे फूट आमच्या हॉलची भिंत होती, तोच फिका पिवळा रंग, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक आणि माझ्या डोक्याचं तेल लागून पडलेला डाग. पुढे बाथरूमच्या फरशा लागल्या. त्यानंतर स्वयंपाकघराचा धुरकट कोपरा. माझं घर तिथे एका ओळीत लावून ठेवलं होतं. थोड्या थोड्या अंतरावर डाव्या हाताला एकेक खिडकी होती आणि प्रत्येक खिडकीतून शेजारच्या यादवांचा शेवगा दिसत होता. एका खिडकीत तो फुललेला होता. पुढच्या खिडकीत शेंगा लोंबत होत्या. त्याच्या पुढच्या खिडकीत झाड नुकतंच छाटलेलं होतं आणि खोडातून चीक गळत होता.

आठशे फुटांनंतर मी टेप लावायचं बंद केलं. माझे गुडघे दुखत होते. वारा समोरून येत होता, म्हणजे शालनने तसा मागितला असणार.

त्या दोघी एका खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. शालनने पाय लांब केले होते. मंदा तिच्याच वयाची होती. केस पुरते पिकलेले, त्यांच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधलेल्या. दोघी एकाच पेरूची अर्धी अर्धी फोड खात होत्या. पेरू खाल्ल्याने शालनचे दात दुखतात. निदान मला तिने तसं सांगितलेलं आहे.

"हेच का?" मंदाने विचारलं.

"हेच," शालन म्हणाली.

मंदाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत वाईट काही नव्हतं. "पळता का?"

"नाही."

"मग एवढ्या लांब आलात कसे?"

"चालत."

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या हसल्या. मला हसल्या नाहीत, हे मी समजू शकत होतो. त्यांचं आपसातलं काहीतरी होतं, 'चालत' या शब्दावरून त्यांना आठवलेलं, फलटणच्या मैदानावरचं. शालनने हसता हसता तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिथे उभा होतो. मला बस म्हणून कुणी सांगितलं नाही.

"शालन," मी म्हणालो, "घरी चल."

"येते की. तुम्ही व्हा पुढं." मग तिला आठवण झाली. "अहो, जाता जाता गॅस बंद करा तेवढा. भात लावलाय."

परत यायला मला जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मधेच मागून पावलं आली, चार, आणि दोघी माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेल्या. वाऱ्याने माझा शर्ट फडफडला. थोड्या वेळाने त्या वळून परत आल्या आणि पुन्हा दोन्ही बाजूंनी मागे गेल्या. असं चार वेळा झालं. मी दारापाशी पोचलो तेव्हा भात जळून कोळसा झाला होता. आणि स्वयंपाकघरात शिरायला मला आडवं व्हावं लागलं, कारण स्वयंपाकघर आता एका शेगडीएवढं उरलं होतं.

मी प्राजक्ताला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं, फुटांसह.

"आईने फोटो पाठवला मला," ती म्हणाली. "किती छान दिसतेय ती. बाबा, एक विचारू? तुम्ही तिच्यावर जळताय का?"

"नाही," मी म्हणालो. "मी मोजतोय."

"मग मोजा," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती, म्हणून मला जास्त राग आला.

केंजळे रंगारी होऊन आले तेव्हा मी त्यांना काम थांबवायला सांगितलं. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. तो माणूस ऐकतो, हे मान्य करायला पाहिजे.

"थांबवता येतं," ते म्हणाले. "पण मग आहे तिथेच थांबणार. तुमच्याकडचं परत तुमच्याकडे येत नाही. मातीत मिसळलेलं असतं ते."

"निम्मं घर तिच्या नावावर आहे, निम्मं माझ्या."

"हो. ताईंच्या निम्म्याला तर आम्ही हातही लावलेला नाही साहेब. ते पहिल्यापासून एवढंसंच होतं."

मी आठवून पाहिलं. ओट्यासमोरची जागा. पलंगाची भिंतीकडची कड. हॉलमध्ये ती उभी राहायची ती दाराची चौकट.

त्यानंतर दिवसागणिक माझ्याकडचं कमी होत गेलं. झोपायची खोली गेली. दुपारी आडवं व्हायचं तर पाय खिडकीतून बाहेर काढावे लागायचे आणि रस्त्यावरून जाणारे यादव म्हणायचे, "काय पिसाळसाहेब, आराम?" मग खिडकीही गेली. शालन सकाळी यायची, उभ्या उभ्या माझ्या हातात डबा द्यायची, विचारायची, "गोळी घेतली का बीपीची?" मी हो म्हणायचो. तिच्या वागण्यात कसलीही कमतरता नव्हती. ती नीट बोलायची, डब्यात लोणचं न विसरता घालायची आणि मग दार ओढून घ्यायची. तिच्या अंगाला आता पेरूचा आणि मातीचा वास यायचा. त्या वासात माझ्या घराचा वास होता का, हे मी प्रत्येक वेळी हुंगून पाहायचो.

शेवटी पुढचं दार आणि मागच्या खोलीचं दार यांच्यामध्ये पायपुसण्याएवढी पट्टी उरली. मी तिच्यावर उभा राहायचो.

रविवारी सकाळी अकराला केंजळे आले. पहिल्या दिवशीचा इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. पट्टीवर दोघांना जागा नव्हती, म्हणून ते पायरीवर थांबले.

"काम झाल्यात जमा आहे," ते म्हणाले. "चारशे मीटर भरले. फक्त शेवटी वळायला साडेपाच फूट कमी पडतात. ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, वळायला थोडी हवी म्हणून. सध्या भिंतीला हात लावून वळावं लागतं त्यांना."

"आता घरात काही उरलं नाही."

केंजळेंनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत, सावकाश.

"तुमची उंची किती साहेब?"

"पाच फूट सात इंच."

"मग पुरेल. एक इंच उरेल."

"उरलेल्या इंचाचं काय?"

"तो आम्ही परत देतो."

भिंतीपलीकडून पावलं येत होती, खूप लांबून, पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांएवढा आवाज. मी विचारलं, "मी नाही म्हटलं तर?"

"तर काही नाही. तुमच्यावर जबरदस्ती नाही. दुसरे एकजण तयार आहेत."

"कोण?"

"नाव सांगत नाही आम्ही."

"कराडचे आहेत?"

केंजळेंनी वहीचं पान उलटलं.

"शालनला माहीत आहे कोण आहे ते?"

"गिऱ्हाइकाला आम्ही फक्त जागा झाली एवढंच कळवतो. कुणाची ते कधी सांगत नाही. तुमचीही सांगणार नाही."

मी त्या दुसऱ्या माणसाचा विचार केला. त्याला चेहरा नव्हता, पण उंची होती, किमान साडेपाच फूट. तो त्या टोकाला मातीत पडून राहणार. रोज साडेदहानंतर शालन चारशे मीटर पळत त्याच्याकडे येणार, धापा टाकत, घामेजलेली, लाल. वळण्याआधीच्या त्या एका क्षणाला तिचा सगळा भार त्याच्यावर पडणार. मग ती पुन्हा दूर जाणार आणि पुन्हा त्याच्याकडेच येणार. तेहतीस वर्षांत ती माझ्याकडे पळत कधी आलेली नाही.

"मी देतो," मी म्हणालो.

केंजळेंनी वहीत खूण केली. मी घड्याळ काढलं, चष्मा काढला, दोन्ही त्यांच्या हातात दिलं. आम्ही आत शिरलो. या वेळी शेवटचं टोक दारातून चार पावलांवर होतं. ते कसं, हे मी विचारलं नाही. केंजळे वेगळ्या दारानेही येत असतील. भिंतीवर, साधारण खांद्याच्या उंचीवर, हातांचे पंजे उमटलेले होते, दोन मापांचे, एकावर एक. भिंतीच्या पायथ्याशी माती उकरून तयार ठेवलेली होती.

"पालथं झोपू की उताणं?"

"तुमच्यावर आहे," केंजळे म्हणाले. "उताणं झोपलात तर तुम्हाला दिसेल. पालथं झोपलात तर जास्त टिकेल."

मी थोडा वेळ उभा राहिलो. मग पालथा झोपलो.

माती गार होती. केंजळेंनी माझे खांदे थोडे सरळ केले, टाचा जुळवल्या, पाठीवरून हाताने माती सारखी केली. ते चांगलं काम करतात. "नाक एका बाजूला ठेवा," ते म्हणाले, आणि मग त्यांची पावलं दाराकडे गेली.

बराच वेळ काही नव्हतं. मग जमिनीतून आधी छातीला कळलं आणि नंतर कानाला. चार पावलं. ती येत होती, मोठी होत होती. कुणीतरी हसत होतं. डावं पाऊल जड पडतंय का ते मी ऐकायचा प्रयत्न केला, पण जमिनीतून सगळी पावलं सारखीच येतात. अगदी जवळ आल्यावर त्यांचा वेग कमी झाला आणि त्या थांबल्या.

"अगं, इथं नवीन केलंय काहीतरी," एकजण म्हणाली. दम लागल्यावर बायकांचे आवाज एकसारखेच होतात.

"बघ ना टिकतंय का."

नदीत उतरण्याआधी पाण्याचा अंदाज घ्यावा, तसं कुणीतरी एक पाऊल माझ्या पाठीवर हलकेच टेकवलं. अजून भार टाकला नव्हता.